१४ वर्षे उभी असलेली पद्मिनी पुन्हा चालू करताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : वडिलांची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी सोलापूरच्या बाळीवेस भागातील वाड्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये १४ वर्षांपासून उभी आहे. उभी केली तेव्हा ती चालू स्थितीत होती. आता वडील नाहीत आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आणावी अशी आपली इच्छा आहे. ओळखीच्या मेकॅनिकने नवी बॅटरी टाकून, ताजे पेट्रोल घालून सेल्फ मारून पाहू असे सुचवले आहे. तसे करावे का, असे आपण विचारले आहे.

कृपया तसे करू नका. निदान आत्ता तरी बॅटरी जोडू नये आणि किल्लीला हात लावू नये. सोलापुरात अशा उभ्या राहिलेल्या गाड्यांवर काम करण्यात माझे आयुष्य गेले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की ज्या इंजिनांचे काम अखेरीस हाताबाहेर गेले, त्यांतील बहुतेकांचे नुकसान पहिल्या दिवशी मारलेल्या सेल्फने झाले होते. १४ वर्षे थांबलेल्या गाडीला आणखी पंधरा दिवस थांबल्याने काहीही होत नाही. म्हणून कामाचा क्रम सांभाळावा, एवढाच माझा आग्रह आहे.

गाडी उभी असताना आत काय घडते ते आधी समजून घेऊ, म्हणजे क्रमामागचे कारण लक्षात येईल. इंजिन बंद झाल्यावर सिलिंडरच्या भिंतींवरचा तेलाचा थर काही महिन्यांत खाली ओघळून जातो. चार सिलिंडरचे इंजिन कोणत्याही स्थितीत थांबले तरी एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतोच, आणि त्या वाटेने बाहेरची दमट हवा वर्षानुवर्षे आत जात राहते. पिस्टन जिथे थांबला तिथे रिंगांच्या रेषेत गंजाचे बारीक कडे तयार होते आणि रिंगा भिंतीला धरून बसतात. सोलापूरची हवा कोरडी असल्यामुळे कोकणातल्या गाडीइतका गंज आपल्याकडे चढत नाही, ही जमेची बाजू आहे. मात्र उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो, पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त तापते, आणि त्या उष्णतेत गाडीतले प्रत्येक रबर कडक होऊन तडकते. आपल्याकडच्या उभ्या गाड्यांत लोखंड बहुधा वाचलेले असते, रबर वाचलेले नसते. शेडची जमीन काळ्या मातीची असेल तर पावसाळ्यात तिच्यातून निघणारी ओल गाडीच्या पोटाला लागते. अशा वेळी फ्लोअरचे पत्रे, जॅक लावण्याच्या जागा आणि ब्रेकचे पाइप खालून नीट तपासावे लागतात.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात बॉनेट उघडून डोळ्यांनी पाहण्यापासून करावी. हात घालण्यापूर्वी टॉर्च घ्या आणि जाड हातमोजे घाला, कारण जुन्या वाड्यांतल्या अशा गाड्यांमध्ये विंचू हमखास निघतात आणि सापही निघू शकतो. एअर क्लीनरचा डबा, सीटखालची जागा, डिकीचा कोपरा आणि सायलेन्सरचे तोंड या उंदरांच्या आवडीच्या जागा आहेत. एअर क्लीनरमध्ये घरटे असेल आणि इंजिन फिरवले, तर चिंध्या आणि गवत थेट कार्बुरेटरमधून सिलिंडरकडे ओढले जाते. वायरींचे कव्हर कुरतडलेले असेल तर बॅटरी जोडताच शॉर्ट होऊन गाडी पेट घेऊ शकते. त्या काळच्या गाड्यांत मोजकेच फ्यूज असतात आणि काही वायरी बिनफ्यूजच्याच असतात, त्यामुळे वायरिंगची तपासणी होईपर्यंत बॅटरी गाडीजवळही आणू नये.

त्यानंतर डिपस्टिक काढून पाहा. तेल काळे असले तरी चिंता नाही. ते दुधी किंवा राखाडी दिसले तर पाणी मिसळले आहे असे समजावे आणि काम तिथेच थांबवून हेड उघडण्याचा विचार करावा. तेलाची पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठते त्या भागात, उतरले आहे असा अर्थ होतो.

आता मुख्य काम, म्हणजे इंजिन हाताने मोकळे करणे. चारही प्लगच्या वायरी कोणत्या क्रमाने आहेत त्याचा फोटो काढून ठेवा. या इंजिनाचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम, १-३-४-२ असा आहे, तरीही फोटो असावा. प्लगच्या भोवतीची धूळ हवेने उडवून मगच प्लग काढा, नाहीतर तीच धूळ आत पडते. प्रत्येक छिद्रातून दोन-तीन चमचे पातळ तेल सोडा. मी डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे एटीएफ तेल समप्रमाणात मिसळून वापरतो. ते रिंगांच्या फटीत चांगले उतरते. छिद्रांवर स्वच्छ फडके ठेवून तीन-चार दिवस काहीही करू नका, फक्त रोज थोडे तेल पुन्हा सोडा.

हे तेल मुरत असतानाच टॅपेट कव्हर उघडून घ्यावे. हे १०८९ सीसीचे फियाटचे इंजिन पुशरॉडचे आहे, म्हणजे उभ्या सळया रॉकर नावाच्या दांड्यांना ढकलून व्हॉल्व्ह उघडतात, त्यामुळे आठही रॉकर आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा समोर दिसतात. त्यांच्यावर तेल सोडा आणि व्हॉल्व्हच्या दांड्यांच्या मुळाशी तेच डिझेलचे मिश्रण थेंबाथेंबाने जिरवा. इंजिन फिरवताना एक माणूस इथे लक्ष ठेवून उभा असलाच पाहिजे. मध्यंतरी माझ्याकडे आलेल्या एका पद्मिनीत सात रॉकर व्यवस्थित वरखाली होत होते आणि आठव्याखालचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली गेला तो वर आलाच नाही. रॉकर आणि व्हॉल्व्हच्या टोकामध्ये बोट जाईल एवढी फट पडली आणि त्याची पुशरॉड जागेवर सैल डुलू लागली. हाताने फिरवत होतो म्हणून तिथेच थांबता आले. प्लगच्या छिद्रातून पाहून पिस्टन त्या व्हॉल्व्हपासून दूर असल्याची खात्री केली, दोन दिवस तेल मुरवले आणि लाकडी ठोकळा ठेवून हलके टोले देत तो मोकळा केला. हेड काढावे लागले नाही. सेल्फ मारला असता तर पुशरॉड वाकली असती किंवा पिस्टनने व्हॉल्व्हला ठोकर दिली असती.

इंजिन फिरवण्यासाठी क्रँक पुलीच्या नटावर लांब दांड्याचा पाना लावावा. ती जागा अडचणीची वाटली तर दुसरा मार्ग आहे : पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी भक्कम ठोकळे लावा, मागचे एक चाक घोडीवर उचला, हँडब्रेक सोडा, गाडी टॉप गिअरमध्ये टाका आणि ते चाक हाताने हळूहळू फिरवा. गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली कोणीही जाऊ नये. इंजिन हलत नसेल तर जोर वाढवू नका. थोडे पुढे, थोडे मागे अशी हलकी चाल द्या, पुन्हा तेल सोडा, दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करा. एखादा मिलिमीटर जरी हलले तरी ते मोकळे होण्याच्या मार्गावर आहे असे समजावे. आठवडाभरात कसलीच हालचाल झाली नाही, तर हेड काढून पाहणे हाच योग्य निर्णय ठरतो. गाडी दोरीने ओढून क्लच सोडण्याचा उपाय सर्रास सुचवला जातो. तो ठामपणे नाकारा, कारण त्यात रिंगा तुटतात आणि पिस्टनच्या खाचा फुटतात.

दोन पूर्ण फेरे अडथळ्याविना झाले की जुने तेल काढून टाका, फिल्टर बदला आणि २०डब्ल्यू-५० प्रतीचे साधे खनिज तेल भरा. महागडे सिंथेटिक तेल या इंजिनासाठी आत्ता तरी नको. जुन्या सीलमधून ते झिरपते.

पेट्रोलच्या बाबतीत माझा अनुभव असा की लोक टाकीकडे फार उशिरा वळतात. १४ वर्षांपूर्वीच्या पेट्रोलचा बराच भाग उडून गेलेला असतो आणि उरलेल्याचा चिकट, व्हार्निशसारख्या उग्र वासाचा राळेचा थर टाकीच्या तळाशी बसतो. त्यात ताजे पेट्रोल ओतले की तो थर सुटतो आणि कार्बुरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. म्हणून टाकी उतरवा, उरलेले पेट्रोल लोखंडी डब्यात काढा, गटारात सोडू नका. आत खडी किंवा लहान नट टाकून टाकी हलवत गंज सोडवावा, पुन्हा पुन्हा धुवावी आणि उन्हात पूर्ण वाळवावी. टाकीला भोक पडलेले असेल तर ती झाळण्यासाठी अनुभवी कारागिराकडेच द्या आणि त्यात पेट्रोल होते हे त्याला आवर्जून सांगा. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते.

टाकीपासून इंजिनापर्यंतचा धातूचा पाइप हवेने साफ करावा आणि रबराच्या सर्व नळ्या बदलाव्यात. इंजिनाला लावलेल्या, टाकीतून पेट्रोल खेचणाऱ्या पंपातला (गॅरेजच्या भाषेत एसी पंप) पडदा वाळून तडकलेला असणार हे गृहीत धरा. तो फाटला की पेट्रोल बाहेर गळते किंवा सरळ चेंबरमधल्या तेलात उतरते, आणि पातळ झालेल्या तेलावर बेअरिंगा फार काळ टिकत नाहीत. पंपाचे किट बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये. कार्बुरेटर पूर्ण उघडून धुवावा, फ्लोटची सुई अडकत नाही ना ते पाहावे आणि जेट फक्त हवेने फुंकावेत. जेटमध्ये तार घालण्याची सवय अनेक गॅरेजांत आहे. पितळेचे ते बारीक छिद्र तारेने मोठे होते आणि मग गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते.

येथे आजच्या पेट्रोलचा विचार करणे भाग आहे. पंपावर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. आपल्या साखर कारखान्यांच्या जिल्ह्याला इथेनॉलची वेगळी ओळख करून द्यायला नको. पण १९७८ साली या गाडीचे रबर आणि कार्बुरेटर तयार झाले तेव्हा त्याचा विचार झालेला नव्हता. इथेनॉल जुने रबर मऊ करून फुगवते आणि हवेतली ओल शोषून घेते. ती ओल टाकीला आतून गंजवते. त्यामुळे नळ्या घेताना इथेनॉल मिश्रित पेट्रोलला चालणाऱ्याच घ्याव्यात आणि महिनोन्‌महिने तेच पेट्रोल टाकीत पडून राहू देऊ नये.

इग्निशनचे काम सोपे आहे. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटवर, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांवर, राखाडी थर चढलेला असतो, तो बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने काढावा. कंडेन्सर, प्लग, प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटरची टोपी नवी घ्यावी; एकूण खर्चात ही रक्कम किरकोळ आहे.

इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या व्यवस्थेकडे मात्र सोलापूरकरांनी अधिक लक्ष द्यावे. वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी घातल्यामुळे रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचलेले असतात आणि ब्लॉकच्या तळाशी गंजाचा गाळ बसलेला असतो. रेडिएटर उतरवून उलट्या दिशेने पाणी सोडून धुवावा, ब्लॉकचा निचरा नळ उघडून गाळ काढावा, सर्व होज पाइप आणि फॅनचा पट्टा बदलावा आणि डिस्टिल्ड पाण्यात कूलंट मिसळूनच भरावे. ब्लॉकच्या बाजूला बसवलेल्या पत्र्याच्या गोल चकत्या गंजून पातळ झालेल्या असतात. टोकदार वस्तूने दाबून पाहावे, दबली तर बदलावी. हे आत्ता केले नाही तर मे महिन्यात पुणे रस्त्यावर गाडी उकळणार, हे निश्चित समजा.

आता ब्रेक. इंजिन सुरू झाले नाही तर गाडी जागेवर राहते. ब्रेक लागले नाहीत तर माणसे जातात. म्हणून इंजिन सुरू होण्याआधीच ब्रेकचे काम पूर्ण करावे, असा माझा नियम आहे. इंजिन सुरू झाल्याच्या आनंदात गाडी फाटकाबाहेर काढण्याचा मोह कोणालाच आवरत नाही. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते आणि त्या पाण्याने व्हील सिलिंडरची (चाकाशी ब्रेक दाबणाऱ्या छोट्या सिलिंडरची) आतली भिंत खड्डे पडून गंजते. चारही चाकांचे ड्रम काढावेत. हँडब्रेक ओढून गाडी उभी केली असेल तर मागचे लायनर ड्रमला चिकटलेले असतील. ॲडजस्टर सैल करून ड्रमच्या कडेवर चहूबाजूंनी हलके टोले दिले की ते सुटतात. प्रत्येक व्हील सिलिंडर उघडा. आतून गुळगुळीत असेल तर फक्त किट बदला, नखाला खड्डा लागत असेल तर सिलिंडरच बदला. मास्टर सिलिंडरलाही हाच न्याय लावावा. रबराचे ब्रेक होज बाहेरून चांगले दिसले तरी बदलावेत, कारण ते आतून फुगून बंद होतात. पेडल दाबले की ऑइल पुढे जाते, परत येत नाही आणि चाक धरलेलेच राहते. या काळातल्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांचे ब्रेक एकाच सर्किटवर असतात, म्हणजे एका चाकाशी गळती झाली तरी चारही ब्रेक एकदम जातात. त्यामुळे तीन चाकांचे काम करून चौथे नंतर पाहू, अशी तडजोड येथे चालत नाही. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल भरून सर्वांत दूरच्या चाकापासून हवा काढावी आणि रात्रभर ठेवून सकाळी पेडल पुन्हा तपासावे.

टायर वरून नवे दिसले तरी १४ वर्षांपूर्वीचे टायर टाकूनच द्यायचे असतात. स्टेपनीही त्यात आली.

सुट्या भागांची काळजी आपण व्यक्त केली आहे, तिला आधार आहे, पण परिस्थिती समजते तितकी वाईट नाही. ज्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली ते वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली आपल्याच सोलापुरातला, आणि त्यांच्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी पुढे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, म्हणजे अगदी अलीकडेपर्यंत या गाडीचे भाग रोजच्या वापरात होते. मुंबईच्या जुन्या बाजारात आणि पुण्याच्या नाना पेठेत शोधले तर बरेच काही मिळते. एक सावधगिरी बाळगावी : रबराचे किट सीलबंद पाकिटात मिळाले म्हणून ते नवे ठरत नाही. वीस वर्षे दुकानाच्या फळीवर पडलेले वॉशर आपल्या गाडीतल्या वॉशरइतकेच म्हातारे असते; पाकीट उघडून, वॉशर दुमडून पाहावे, बारीक रेषा पडल्या तर परत करावे. जे मिळतच नाही ते बनवून घेण्याची सोय आपल्या गावात उत्तम आहे. यंत्रमागांमुळे अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसी भागात लेथवर हात बसलेले टर्नर आजही आहेत. नमुना दिला की बुश आणि पिना ते मापात करून देतात. मी अनेक सस्पेन्शन याच कारागिरांच्या भरवशावर उभी केली आहेत.

एवढे झाल्यावर बॅटरीची वेळ येते. प्लग काढलेल्याच स्थितीत, इग्निशन कॉइलची वायर सोडवून, दहा-दहा सेकंद सेल्फ मारावा, मध्ये विश्रांती द्यावी आणि रॉकरवर तेल आलेले दिसेपर्यंत हे करावे. त्यानंतर प्लग बसवा, कॉइलची वायर परत जोडा, गाडी शेडबाहेर मोकळ्यावर घ्या, चाकांना ठोकळे लावा, अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवा. कार्बुरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून सुरू करण्याची पद्धत धोक्याची आहे; उलटा भडका उडाला की ओतणाऱ्याचा चेहरा भाजतो. कार्बुरेटरची फ्लोटची वाटी भरेपर्यंत थोडा वेळ सेल्फ मारला की इंजिन आपण होऊन सुरू होते. सुरुवातीला सायलेन्सरमधून निळा-पांढरा धूर भरपूर निघेल. तो आपण सिलिंडरमध्ये सोडलेल्या तेलाचा असतो आणि दहा-पंधरा मिनिटांत विरळ होतो. तेलाचा दिवा काही सेकंदांत विझला नाही तर तत्काळ बंद करा. या वेळात एकाने पेट्रोलची प्रत्येक जोडणी आणि दुसऱ्याने पाण्याचे पाइप सतत पाहत राहावे. क्लच सुटत नाही असे आढळले, तर प्लेट फ्लायव्हीलला चिकटली आहे. पेडल दाबून ते लाकडी दांड्याने काही दिवस तसेच अडकवून ठेवले की बहुधा सुटते.

कागदपत्रांचे काम गॅरेजच्या कामाबरोबरच सुरू करावे, कारण त्याला वेळ लागतो. गाडी अजून वडिलांच्या नावावर असल्यामुळे वारस म्हणून नमुना ३१ भरून ती आपल्या नावावर करून घ्यावी लागेल. नोंदणीची मुदत संपलेली असणार. नमुना २५ चा अर्ज, तपासणी आणि पर्यावरण कर भरून ती पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. चेसिस आणि इंजिनाचे क्रमांक नोंदणी पुस्तकाशी जुळतात ना, हे पहिला रुपया खर्च करण्याआधी पाहावे. जुळत नसतील तर आधी सोलापूरच्या आरटीओ कार्यालयात त्याचा उलगडा करून घ्या. विमा आणि पीयूसी झाल्याशिवाय गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणू नये. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या : केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. आपली गाडी २०२८ मध्ये त्या वयाची होईल. त्या नोंदणीवर रोजचा वापर करता येत नाही, त्यामुळे ती घ्यावी की नाही हे आपण ठरवाल. परंतु कोणी दुसऱ्या गाडीचे इंजिन किंवा डिझेल इंजिन बसवून देण्याचा सल्ला दिला, तर त्याने तो मार्ग कायमचा बंद होतो, हे माहीत असावे. माझे स्वतःचे मत विचाराल तर मूळ इंजिन दुरुस्त होण्यासारखे असताना ते काढणे म्हणजे गाडीवर अन्याय आहे.

पहिली फेरी सकाळी लवकर, रहदारी नसताना, वस्तीतल्या सपाट रस्त्यावर घ्यावी आणि वेग तीसच्या आत ठेवावा. परत आल्यावर चारही ड्रमला हात लावून पाहा. एखादा इतरांपेक्षा जास्त तापला असेल तर तिथला ब्रेक धरतो आहे. पहिल्या १०० किलोमीटरनंतर इंजिनाचे तेल पुन्हा बदलावे, कारण जुना गाळ या काळात सुटून त्यात येतो. ५०० किलोमीटरवर ब्रेकचे ॲडजस्टमेंट, टॅपेट आणि पॉइंट पुन्हा तपासून घ्या. पुढे आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास गाडी प्रत्यक्ष चालवा; जागेवर पाच मिनिटे चालू ठेवून बंद केल्याने इंजिन पुरते तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचते आणि तो आतून कुजतो.